लोखंडी जिन्याचे मॉडेल: सांगाडा कुणाचा, सुटे भाग कुणाचे?

इमारतीच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये भिंत, खिडकी, स्लॅब आता फारशी कुरकुर न करता बसतात. जिना तसा बसत नाही. काँक्रीटचा साधा जिना निदान दिसायला तरी ठीक उतरतो. पण एखाद्या जागेसाठी खास घडवायचा लोखंडी जिना आला की सॉफ्टवेअर आणि वापरणारा दोघेही अडतात. याचे कारण त्या वस्तूतच आहे. जिना दोन मजल्यांच्या उंचीला बांधलेला असतो, माणसाच्या पावलाला बांधलेला असतो आणि बांधकामाच्या नियमांनाही. तो लोखंडी असेल तर वर्कशॉपमधल्या कापणीला, वाकवणीला आणि वेल्डिंगलाही बांधला जातो. इतकी बंधने एका वेळी पाळणारी वस्तू घरात दुसरी क्वचितच सापडेल. गेल्या पंचवीस वर्षांत सॉफ्टवेअर कंपन्यांनी या कामासाठी काय दिले, वास्तुरचनाकारांनी त्यातून कोणत्या वाटा काढल्या आणि त्या वाटा कुठे थांबतात, हे पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. अशा जिन्याच्या मॉडेलमध्ये दोन वेगळी कामे एकत्र कालवली जातात. पातळ्या, पायऱ्यांची मापे, चालण्याची रेषा, स्ट्रिंगरची (पायऱ्या पेलणाऱ्या तिरक्या आधाराची) जागा आणि डोक्यावरची मोकळी उंची हा झाला जिन्याचा सांगाडा. प्लेटा, अँगल, बोल्ट, वेल्ड हे झाले सुटे भाग. माझे म्हणणे असे, की वास्तुरचनाकाराच्या मॉडेलने सांगाडा एक मिलिमीटरही न चुकता धरावा आणि सुटे भाग त्या सांगाड्यावरून डिटेलिंग करणाऱ्याने घडवावेत. आज बहुतेक ठिकाणी नेमके उलटे होते. सुट्या भागांचा देखावा मॉडेलमध्ये हौसेने उभा राहतो आणि सांगाडा ढिला राहून जातो.

सांगाड्याचा विचार संगणकापेक्षा खूप जुना आहे. फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञ फ्रांस्वा ब्लोंदेल याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलेले सूत्र आजही वापरात आहे: दोन रायझर (पायरीची उंची) आणि एक ट्रेड (पायरीची खोली) यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी असावी. त्याने ती २४ फ्रेंच इंच, म्हणजे सुमारे ६५० मिलिमीटर धरली होती. आज साधारण ६०० ते ६४० मिलिमीटरच्या दरम्यान धरतात. जिन्याची सॉफ्टवेअर साधने याच गणितावर उभी आहेत. रेव्हिट हे मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर बाजारात आले २००० साली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतले. त्यात बरीच वर्षे जिना म्हणजे प्लॅनवर काढलेले एक रेखाटन होते: कडेच्या रेषा आणि रायझरच्या रेषा आखायच्या, बाकीचे सॉफ्टवेअर उभे करणार. रेव्हिट २०१३ मध्ये जिना घटकांत विभागला गेला. पायऱ्यांची ओळ, लँडिंग आणि आधार हे स्वतंत्र भाग झाले. २०१८ च्या आवृत्तीत अनेक मजल्यांचा जिना थेट मजल्यांच्या पातळ्यांशी जोडता येऊ लागला. हंगेरीच्या ग्राफिसॉफ्टने २०१७ मध्ये आर्किकॅड २१ मध्ये जिना आणि कठडा यांची साधने नव्याने लिहिली. दिलेल्या नियमांत बसणाऱ्या अनेक रचना सॉफ्टवेअरनेच शोधायच्या आणि वापरणाऱ्याने त्यातून निवड करायची, अशी त्यामागची कल्पना होती. दोन्ही कंपन्यांची दिशा एकच दिसते. जिना हा आकार न राहता नियमांनी बांधलेली रचना व्हावी, असा तो प्रयत्न आहे.

ही दिशा बरोबर आहे, आणि जिन्याच्या साधनाला नावे ठेवणाऱ्यांनी आधी त्याचे श्रेय मान्य करावे. ते उंची मोजते, रायझरची संख्या काढते, कमाल-किमान मापे ओलांडली तर सांगते, आणि मजल्याची उंची बदलली की सगळ्या पायऱ्या पुन्हा वाटून देते. हे किती मोलाचे आहे, ते एका हिशेबावरून कळेल. समजा दोन मजल्यांमधले स्लॅबपासून स्लॅबपर्यंतचे अंतर ३२०० मिलिमीटर आहे. खाली ५० मिलिमीटर आणि वर ७५ मिलिमीटर जाडीची फरशी येणार आहे. म्हणजे चढायची खरी उंची ३२२५. अठरा रायझर केले तर प्रत्येक रायझर सुमारे १७९.२ मिलिमीटरचा होतो. पण जिना स्लॅबच्या पातळ्यांना बांधून मॉडेल केला, तर सॉफ्टवेअर ३२०० ला अठराने भागून १७७.८ चे रायझर देते. चेकर्ड प्लेटच्या पायऱ्यांवर फरशी नसते. त्यामुळे दोन्ही मजल्यांवर फरशी बसल्यावर पहिला रायझर उरतो १२७.८ आणि शेवटचा होतो २५२.८. अमेरिकेच्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडनुसार एका ओळीतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान रायझरमध्ये सुमारे साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. इथे तो १२५ मिलिमीटरचा आहे. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत निवासी इमारतींसाठी कमाल रायझर १९० मिलिमीटर आहे; शेवटची पायरी त्याच्याही बरीच पुढे जाते. आणि ही चूक रेंडर करताना दिसत नाही, प्लॅनमध्ये दिसत नाही, दिसते ती माणूस अडखळल्यावर. काँक्रीटच्या जिन्यावर गिलावा आणि फरशीत थोडीफार चूक लपवता येते. वेल्ड केलेल्या लोखंडात ती जागा नसते. त्यामुळे जिना तयार फरशीच्या पातळीला बांधणे हा मॉडेलिंगचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो. त्यासाठी सॉफ्टवेअरमधले कोणतेही अवघड कौशल्य लागत नाही. लागते ती फक्त कोणती पातळी खरी, याची स्पष्टता.

साधनाची मर्यादा सुरू होते ती आधाराच्या भागापासून. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रिंगर म्हणजे पायऱ्यांच्या कडेने ओढून नेलेला एक छेद. छेद बदलता येतो, जाडी बदलता येते, तो पायऱ्यांच्या बाहेर ठेवायचा की खाली, हेही ठरवता येते. पण लोखंडी स्ट्रिंगर हा नुसता छेद नसतो. तो कापलेला आणि जोडलेला भाग असतो, आणि त्याचे वळण जिथे होते तिथेच प्रश्न उभा राहतो. १७९ मिलिमीटरचा रायझर आणि २८० चा ट्रेड घेतला तर चढ सुमारे ३२.६ अंशांचा होतो. २०० मिलिमीटर खोलीचे चॅनेल या कोनात तिरके ठेवले की उभ्या रेषेत त्याची खोली भरते सुमारे २३७ मिलिमीटर. लँडिंगचे आडवे चॅनेल मात्र २०० चेच राहते. दोन्ही उभ्या रेषेत कापून भिडवले तर ३७ मिलिमीटरची पायरीवजा तफावत उघडी पडते. कोनाच्या निम्म्यावर, म्हणजे १६.३ अंशांवर दोन्ही कापले तरच कडा कडेला लागते. कोणता काप घ्यायचा, हे दिसण्यावर, ताकदीवर आणि वेल्डिंगच्या सोयीवर ठरते. सॉफ्टवेअर मात्र यातला एक आकार आपोआप देते, आणि तो निर्णय कुणीच घेतलेला नसतो. वजनाचेही तसेच. चॅनेलचा छेद सोडून २०० बाय ७५ चा भरीव आयत ओढला, तर मीटरमागे वजन येते सुमारे ११८ किलो. खरे आयएसएमसी २०० चॅनेल मीटरला सुमारे २२ किलोचे असते. लोखंडाचा व्यवहार किलोवर होतो. मॉडेलमधून काढलेला असा अंदाजपत्रकाचा आकडा पाचपटीहून अधिक चुकलेला असतो, आणि तो आकडा संगणकातून आला म्हणून त्यावर विश्वासही बसतो.

या अडचणीतून लोकांनी वाटा काढल्या. त्यातल्या पहिल्या वाटेला साधनाची ओढाताण म्हणता येईल. रेव्हिट वापरणाऱ्यांमध्ये एक युक्ती प्रसिद्ध आहे. कठड्याच्या साधनात ठरावीक अंतरावर उभे बार बसवायची सोय असते. त्या बारांच्या जागी पायऱ्यांचे, ब्रॅकेटचे किंवा आधाराच्या प्लेटांचे आकार घालायचे, म्हणजे ते जिन्याच्या चढाबरोबर आपोआप रांगेत लागतात. काहीजण स्ट्रिंगरसाठी थेट संरचनेचे तिरके बीम वापरतात आणि जिन्याच्या साधनातून फक्त पायऱ्या घेतात. दुसरी वाट म्हणजे जिन्याचे साधनच सोडून देणे आणि सगळा जिना मोकळ्या आकारांनी, त्याच जागी बनवलेल्या एका गठ्ठ्यात किंवा स्केचअपमध्ये उभा करणे. चित्र उत्तम येते, आणि क्लायंटला दाखवायला तेवढे पुरतेही. पण पहिल्या वाटेत मॉडेलमधली पायरी मॉडेलला कठड्याचा बार वाटते. परिमाणांच्या तक्त्यात ती चुकीच्या रकान्यात जाते, आणि दुसऱ्या कुणी फाईल उघडली की त्याला कोडे पडते. दुसऱ्या वाटेत मजल्याची उंची बदलली की प्रत्येक पायरी हाताने हलवावी लागते, आणि अठरा पायऱ्यांपैकी एक विसरली तरी कुणाला कळत नाही. दोन्ही वाटांत नुकसान एकाच जागी होते. जिन्याचे नियम कुठेतरी एका जागी लिहिलेले राहत नाहीत. ते आकारांत विरून जातात.

तिसरी वाट नियमांनाच पुढे आणते. डेव्हिड रुटेन यांनी रायनो या त्रिमितीय सॉफ्टवेअरसाठी केलेले ग्रासहॉपर २००७ पासून उपलब्ध आहे, आणि रेव्हिटमध्ये डायनॅमो तेच काम करते. इथे माणूस आकार काढत नाही, आकाराची कृती लिहितो: ही खालची पातळी, ही वरची, इतके रायझर, ही चालण्याची रेषा, तिच्यावर समान भाग, प्रत्येक भागावर एक पायरी. एखादा आकडा बदलला की सगळा जिना पुन्हा तयार होतो. अनियमित वळणाच्या जिन्यांसाठी, रुंदी बदलत जाणाऱ्या जिन्यांसाठी ही वाट फार समर्थ आहे. तिचा धोकाही तितकाच मोठा. कृती ज्याने लिहिली त्याच्या डोक्यातच ती राहते. तो माणूस कार्यालय सोडून गेला की उरलेल्यांना फक्त आकार दिसतो, कारण दिसत नाही. चौथी वाट कारखान्याच्या बाजूने येते. फिनलंडमध्ये घडलेले आणि २०११ पासून ट्रिंबलकडे असलेले टेक्ला स्ट्रक्चर्स, किंवा ऑटोडेस्कने २०१३ मध्ये ग्राइटेककडून घेतलेले अ‍ॅडव्हान्स स्टील, यांत जिना म्हणजे आरंभापासून सुटे भागच असतात: चॅनेल, वाकवलेल्या पायऱ्या, क्लीट, बोल्ट, वेल्ड. त्यातून कापणीच्या याद्या निघतात, प्लेटांचे सपाट आकार निघतात आणि यंत्राला चालणाऱ्या फाईली निघतात. उणीव इतकीच, की जिना खोलीत कसा दिसेल, कठड्यावरचा हात कुठे फिरेल, खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर किती जागा राहील, हे प्रश्न त्या सॉफ्टवेअरच्या केंद्रस्थानी नाहीत. ते प्रश्न आधीच सुटलेले आहेत असे ते धरून चालते.

चारही वाटा समोर ठेवल्या की सांगाडा आणि सुटे भाग यांच्यातली सीमारेषा आपोआप दिसू लागते. ती सर्वांत स्पष्ट दिसते गोल वळणाच्या जिन्यात. बाहेरची त्रिज्या १५०० आणि आतली ५०० मिलिमीटर असलेला जिना एका पूर्ण वेढ्यात ३००० मिलिमीटर चढतो असे धरू. बाहेरचा स्ट्रिंगर प्लॅनमध्ये सुमारे ९४२५ मिलिमीटर चालतो, म्हणून त्याचा चढ १७.७ अंश, आतला ३१४२ मिलिमीटरच चालतो, म्हणून त्याचा चढ ४३.७ अंश. जिना एक, उंची एक, आणि दोन कडांचे चढ इतके वेगळे. बाहेरच्या स्ट्रिंगरची खरी लांबी भरते ९८९१ मिलिमीटर, आतल्याची ४३४४. आता हाच आकार वर्कशॉपमध्ये जातो. उभ्या प्लेटचा स्ट्रिंगर असेल तर काम तुलनेने सरळ आहे, कारण दंडगोल उलगडून सपाट करता येतो: प्लेट समांतरभुज चौकोनाच्या आकारात कापायची आणि रोलरमधून तिरकी घालून १५०० च्या त्रिज्येला वळवायची. हँडरेलच्या पाइपला मात्र ही त्रिज्या चालत नाही. मळसूत्री रेषेची खरी वक्रता तिच्या प्लॅनमधल्या वर्तुळापेक्षा उघडी असते. बाहेरच्या कडेवरचा पाइप १५०० ला नव्हे, सुमारे १६५२ मिलिमीटरच्या त्रिज्येला वाकवावा लागतो. आतल्या कडेवर तर ५०० ऐवजी सुमारे ९५६, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आणि जिन्याच्या पोटाला सलग लोखंडी पत्रा लावायचा ठरवला, तर तो मळसूत्री पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट पत्र्यातून होतच नाही. तो तुकड्यांत करावा लागतो किंवा पत्रा पिळावा लागतो.

या एका उदाहरणात कामाची वाटणी उघड होते. १५०० आणि ५०० या त्रिज्या, ३००० ची उंची, चालण्याची रेषा, पायऱ्यांची समान वाटणी हा सांगाडा आहे. तो वास्तुरचनाकाराचा, कारण त्यातला प्रत्येक आकडा जागेवर आणि माणसावर ठरतो. १६५२ ची त्रिज्या, समांतरभुज प्लेट, पोटाच्या पत्र्याचे तुकडे ही त्या सांगाड्याची परिणती. ती वास्तुरचनाकाराने मॉडेलमध्ये उभी करायची गरज नाही. सांगाडा नेमका असेल तर ती गणिताने निघते. सांगाडा ढिला असेल तर कितीही सुबक पाइप मॉडेल केला तरी तो वर्कशॉपमध्ये पुन्हा काढावा लागतो. उलट काही गोष्टी वरवर डिटेल वाटतात, पण त्या सांगाड्याच्याच असतात. दोन ओळींच्या, मध्ये वळणाऱ्या जिन्यात वरच्या ओळीचा पहिला रायझर आणि खालच्या ओळीचा शेवटचा रायझर प्लॅनमध्ये एकाच रेषेवर ठेवले, तर लँडिंगच्या त्या कडेपाशी दोन्ही ओळींच्या नोजिंगच्या (पायऱ्यांच्या पुढच्या कडांच्या) रेषांत एका रायझरचा फरक पडतो. हँडरेलला तिथे वाकडी मान घ्यावी लागते किंवा ती अर्धा ट्रेड पुढे काढावी लागते. वरची ओळ लँडिंगपासून एक ट्रेड मागे सरकवली की दोन्ही रेषा त्या कडेलाच, एकाच उंचीवर भेटतात आणि कठडा विनाअडथळा वळतो. हा निर्णय प्लॅनमधल्या २८० मिलिमीटरच्या जागेचा आहे. तो वर्कशॉपमध्ये घेता येत नाही, कारण तोवर जिन्याच्या शाफ्टची लांबी ठरून गेलेली असते. कठडा चांगला दिसत नाही म्हणून बार आणि पाइप यांच्यात तासन्‌तास घालवले जातात, आणि दोष मात्र असतो एका रेषेत.

सांगाड्याने आणखी एक काम करायचे असते: पुढच्या माणसाला जागा ठेवायची. कारखान्यात तयार झालेला जिना ट्रकवर चढायला हवा, दारातून आत यायला हवा आणि वर उचलता यायला हवा. गरम जस्ताचा थर द्यायचा असेल तर प्रत्येक तुकडा जस्ताच्या टाकीत मावला पाहिजे. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या त्या टाकीत बंद पोकळ पाइप घातला तर आतली हवा आणि ओल फुगून तो फुटू शकतो, म्हणून पाइपला भोके ठेवावी लागतात आणि ती दिसणार नाहीत अशी जागा शोधावी लागते. लांब आणि सडपातळ जिन्यात कंपनाचा प्रश्न येतो. माणसे घाईने उतरताना सेकंदाला चारपर्यंत पावले टाकतात, आणि जिन्याची स्वतःची कंपनगती त्याच्या जवळ आली तर तो पायाखाली थरथरतो. अमेरिकेच्या पोलाद-बांधकाम संस्थेने आपल्या अकराव्या मार्गदर्शिकेच्या २०१६ च्या आवृत्तीत जिन्यांच्या कंपनाचा विचार समाविष्ट केला, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य कळते. यातले काहीही वास्तुरचनाकाराने स्वतः सोडवायचे नाही. पण स्ट्रिंगरसाठी त्याने १५० मिलिमीटरचीच खोली ठेवली आणि अभियंत्याला २५० लागली, तर खालची डोक्यावरची उंची १०० मिलिमीटरहून अधिक कमी होते, आणि मग सगळा जिना पुन्हा मांडावा लागतो. म्हणून स्ट्रिंगरची बाह्य सीमा, म्हणजे या जागेच्या आतच जे काय करायचे ते करा अशी लक्ष्मणरेषा, मॉडेलमध्ये सुरुवातीपासून हवी. आतला छेद नंतर ठरला तरी चालतो.

दोन बाजूंमधली देवाणघेवाण हा या प्रश्नाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांमध्ये मॉडेल नेण्यासाठी आयएफसी हे खुले स्वरूप आहे. २०१३ मध्ये ते आयएसओ १६७३९ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात जिना, पायऱ्यांची ओळ, कठडा, प्लेट यांना वेगवेगळी ओळख दिलेली आहे. योग्य साधनाने केलेला जिना आयएफसीत जिना म्हणूनच जातो. मोकळ्या आकारांनी केलेला जिना मात्र निनावी ठोकळा होऊन जातो, आणि समोरच्या सॉफ्टवेअरला त्यात रायझर कुठला, लँडिंग कुठले हे उमगत नाही. त्याबरोबर मॉडेल किती तपशिलाचे आहे हेही सांगायला हवे. अमेरिकेतल्या बिमफोरमच्या एलओडी निर्देशांत यासाठी १०० ते ४०० अशा पायऱ्या आहेत: ३०० ला वस्तूचे माप आणि जागा नेमकी असते, ३५० ला शेजारच्या वस्तूंशी तिचे जोड दिसतात, ४०० ला ती कारखान्यात बनवण्याइतकी पूर्ण असते. मी मांडतो आहे ती वाटणी या भाषेत सांगायची तर वास्तुरचनाकाराचा जिना ३०० ला पक्का असावा, स्लॅब आणि बीम यांना तो जिथे टेकतो तिथे ३५० ला जावा, आणि ४०० चे काम डिटेलिंगवर सोडावे. आज अनेक मॉडेलांत बोल्टची डोकी ४०० ची असतात आणि वरच्या फरशीची पातळी २०० ची. तपशील आणि अचूकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरल्याचा तो परिणाम.

या मांडणीवर काही आक्षेप रास्त आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला असा, की यामुळे जिना दोनदा काढावा लागतो. एकदाच सगळे बोल्टपर्यंत मॉडेल केले तर काम वाचणार नाही का? वाचले असते, जर दोन्ही मॉडेलांची जबाबदारी एकाच माणसावर असती. तसे नसते. फॅब्रिकेटर आपल्या यंत्रांप्रमाणे, बाजारात मिळणाऱ्या छेदांप्रमाणे आणि आपल्या वेल्डरच्या सवयींप्रमाणे जोड ठरवतो, आणि तो तसे ठरवणार हे योग्यच आहे. त्यामुळे वास्तुरचनाकाराने काढलेले बोल्ट बहुधा पुसलेच जातात. दोनदा होणारे काम सुट्या भागांचे आहे, सांगाड्याचे नाही. सांगाडा एकदाच होतो आणि दोघेही तोच वापरतात.

दुसरा आक्षेप नेमका विरुद्ध बाजूचा आहे. शॉप ड्रॉईंग ही फॅब्रिकेटरची जबाबदारी. वास्तुरचनाकाराने प्लॅन, छेद आणि एक छान चित्र दिले की झाले, बाकी साईटवर जुळवतात. महाराष्ट्रातल्या असंख्य लहान कामांत आजही हेच चालते, आणि अनुभवी वेल्डर साईटवर माप घेऊन उत्तम जिना उभा करतो, हेही खरे आहे. त्या कारागिरीविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण तो माप घेतो म्हणजे काय करतो? तो साईटवर सांगाडाच पुन्हा शोधतो: तयार फरशी कुठे येणार ते विचारतो, उंची भागतो, पहिली पायरी कुठे सुरू होईल ते खडूने आखतो. म्हणजे सांगाड्याचे काम टळलेले नसते. ते फक्त अशा टप्प्यावर ढकललेले असते, जिथे स्लॅब झालेला असतो, बीम हलणार नसतो आणि एखादी पायरी कमी पडली तर ती वाढवायला जागा नसते. सरळ, एका ओळीच्या जिन्यात ते निभते. वळणाच्या, लटकत्या किंवा कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या जिन्यात निभत नाही. आणि मॉडेल बारीक केले म्हणून साईटचे माप टळते असेही नाही. काँक्रीट कधीच ड्रॉईंगइतके अचूक नसते, म्हणून कापणीपूर्वी साईटवर माप घ्यावेच लागते. फरक इतकाच, की सांगाडा पक्का असेल तर ते माप पडताळणी ठरते. नसेल तर तिथेच नवे डिझाईन सुरू होते.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. साधने सुधारत आहेत. उद्या सॉफ्टवेअर स्वतःच जोड ठरवेल, वजन काढेल, नियम तपासेल, मग ही वाटणी कशाला? सुधारणा झाल्या आहेत आणि होतील, हे या आढाव्यातच दिसले. पण प्रत्येक सुधारणेने सांगाड्याचे महत्त्व वाढवलेच आहे. आर्किकॅडने नियमांतून पर्याय शोधायला सुरुवात केली, तेव्हा नियम आणि पातळ्या नीट सांगणे हेच वापरणाऱ्याचे मुख्य काम झाले. ग्रासहॉपरमध्ये तर सांगाड्याशिवाय दुसरे काही लिहायचेच नसते. स्वयंचलित साधन जितके समर्थ, तितक्या वेगाने ते चुकीच्या पातळीवरून अठरा चुकीच्या पायऱ्या, त्यांच्या कापणीच्या याद्या आणि यंत्राच्या फाईली तयार करून देईल.

मोठ्या प्रमाणावर हे तत्त्व किती टिकते, याचा दाखला न्यूयॉर्कच्या हडसन यार्ड्समध्ये उभा आहे. थॉमस हेदरविक यांच्या स्टुडिओने रचलेले व्हेसल २०१९ मध्ये खुले झाले. सुमारे ४६ मीटर उंच, १५४ ओळी, जवळजवळ अडीच हजार पायऱ्या आणि ८० लँडिंग असलेली ही रचना म्हणजे जिना हीच इमारत, आणि तिची प्रेरणा भारतातल्या पायऱ्यांच्या विहिरींतून घेतल्याचे स्टुडिओने सांगितले आहे. तिचे लोखंडी भाग इटलीत तयार होऊन समुद्रमार्गे आले. दुसऱ्या खंडातल्या कारखान्यात बनलेले असे अवाढव्य तुकडे जागेवर येऊन जुळायचे, तर सर्वांनी एकच सांगाडा प्रमाण मानल्याशिवाय ते शक्य नाही. त्याच रचनेने दुसरा, अधिक गंभीर धडाही दिला. लोकांनी वरून उडी मारून जीव दिल्याच्या घटनांनंतर २०२१ मध्ये ती बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये वरच्या भागांना लोखंडी जाळी लावल्यावरच पुन्हा उघडली. कठड्याची उंची हा सांगाड्यातला एक आकडा आहे. तो नियमापुरता भरला की काम संपले असे मानता येत नाही. भूमिती जितकी काटेकोर, तितकाच त्यामागचा माणसाचा विचारही काटेकोर असावा लागतो.

आपल्याकडे या वाटणीला एक खास अर्थ आहे. पुण्या-मुंबईतल्या अनेक कार्यालयांत परदेशी इमारतींच्या स्टील डिटेलिंगचे काम चालते. तिथली मराठी मुले-मुली टेक्लामध्ये दूरच्या शहरांतले जिने बोल्टपर्यंत उभे करतात. म्हणजे सुट्या भागांचे कौशल्य इथे मुबलक आहे. त्याच शहरांतल्या वास्तुरचना कार्यालयांत रेव्हिटचा जिना मात्र बहुधा चित्रापुरता राहतो. दोन्ही कौशल्ये एकाच गावात असून एका कामावर क्वचित भेटतात. वास्तुरचनेच्या शिक्षणात जिन्याचा छेद काढायला शिकवतात, तसे लोखंडी जिन्याचे एक शॉप ड्रॉईंग वाचायलाही शिकवावे. डिटेलिंग करणाऱ्यांनी आपल्या प्रश्नांची यादी उलट दिशेने वास्तुरचनाकाराकडे पाठवावी. या दोन सवयींनी बरेच काही बदलेल, आणि त्यासाठी नवे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही.

माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. खास लोखंडी जिन्यासाठी एकच आदर्श सॉफ्टवेअर नाही, आणि ते शोधत बसण्यात अर्थ नाही. जिन्याचे साधन वापरा, पण सांगाड्यासाठी. ते जिथे अपुरे पडते तिथे स्क्रिप्टची मदत घ्या आणि तिची कृती दुसऱ्याला वाचता येईल अशी लिहून ठेवा. स्ट्रिंगर आणि कठडा यांच्या बाह्य सीमा आखा, आतले भाग डिटेलिंगवर सोडा. आणि फाईल देताना कोणते आकडे अंतिम व कोणते नुसते दाखवण्यापुरते, हे लेखी सांगा. पुढचा लोखंडी जिना मॉडेल करायला बसाल तेव्हा पहिली प्लेट काढण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहा: खालची तयार फरशी, वरची तयार फरशी, रायझरची संख्या, चालण्याच्या रेषेवरचा ट्रेड आणि डोक्यावरची किमान उंची. या पाचांबाबत अभियंता आणि फॅब्रिकेटर यांचा होकार मिळेपर्यंत एकही बोल्ट काढू नका.